आठवड्यातले दोन तास कुणासाठी द्यावेत? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

"समाजासाठी काहीतरी करायचंय, पण नेमकं काय करू?" असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: वेळ किती देणार आणि किती महिने देणार? कळकळ सगळ्यांकडं असते. काम मात्र वेळ बघून निवडावं लागतं.

वर्षातून तीन-चारदाच सवड मिळत असेल तर रक्तदान करा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असलं की पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. बेळगावच्या दवाखान्यांत खानापूरच्या जंगलातल्या गावांपासून चंदगडपर्यंतचे पेशंट येतात, आणि परगावच्या माणसाला इथं रक्त देणारं कोण असणार? शिबिरात द्या, चांगलंच आहे. पण प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळं एका दिवशी शंभर जणांनी दिलेलं रक्त महिनाभर सगळ्यांना पुरत नाही. रक्तपेढीत नंबर देऊन ठेवा आणि बोलावतील तेव्हा जा. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात, तेव्हा तर नक्की जा.

आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर मराठी शाळेतल्या मुलांना कन्नड शिकवा. ही मुलं हुशार आहेत. घरात आणि गल्लीत कन्नड कानावर पडत नाही, एवढीच त्यांची अडचण. मराठीत 'ओ' एकच, कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन. ऱ्हस्व 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ 'कोडु' म्हणजे शिंग. मुलगा पुस्तकातलं वाक्य धडाधड वाचतो, पण अर्थ विचारला की गप्प होतो. असे शब्द जोडीनं, मोठ्यानं म्हणून घेतले की महिन्याभरात फरक दिसतो. पण हे काम जूनला धरलं तर मार्चपर्यंत सोडायचं नाही. चार आठवडे शिकवून थांबलात तर मुलाला वाटतं, चूक आपलीच. वर्ग देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेतच भरवा, गावातलं कुणीतरी मोठं माणूस शेजारी असू द्या.

माझं मत विचाराल तर आमच्या भागात सगळ्यात जास्त गरज आहे ती कागद वाचून देणाऱ्यांची. पहाणी (म्हणजे कर्नाटकातला सातबारा) कन्नडात, नोटीस कन्नडात, पेन्शनची अर्जी कन्नडात. साठी ओलांडलेल्या कितीतरी जणांना ती अक्षरं लागत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या पहाणीवर नवऱ्याचं नाव 'यल्लप्पा' होतं आणि आधारवर 'यल्लाप्पा'. एका कान्यापायी वारसा नोंद अडली होती. त्या तीनदा नाडकचेरीला, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, जाऊन आल्या होत्या, पण नेमकं काय अडलंय हे त्यांना कुणी मराठीत सांगितलंच नव्हतं. आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून बोटानं अक्षर दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच होतं होय?"

पहाणीत नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं आणि अकराव्यात बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज वगैरे. एवढं वाचता आलं तरी निम्मं काम होतं. घरातल्या कर्त्या बाईला कर्नाटक सरकारकडून मिळणारे गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये थांबले असतील तर आधी आधार आणि बँकखातं जोडलेलं आहे का ते बघायचं. काही गोष्टी मात्र पाळाच. मूळ कागद घरी न्यायचा नाही, ओटीपी विचारायचा नाही, सगळं वाचून सांगितल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, आणि चहापलीकडं काही घ्यायचं नाही.

शिकवणं आणि कागद वाचणं यांत कुठलं धरावं? शिकवणीला नेम लागतो, पण एखादी चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. कागदांचं काम पंधरा दिवसांतून एकदा केलं तरी चालतं, पण एक अक्षर चुकलं तर समोरच्याचे सहा महिने जातात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यानं कागद धरावेत, संध्याकाळी घरी असणाऱ्यानं मुलं. कन्नड वाचता येत नसेल तर सोबत म्हणून जा. रांगेत उभं राहायला आणि म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा करून द्यायलाही कुणीतरी लागतंच.

विहिरी आणि तळी साफ करायचं श्रमदान तरुण मंडळांना जमतं. एकट्यानं त्यात पडू नये.

पुराचं काम वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, कृष्णा सगळ्याच फुगल्या, तेव्हा जुन्या कपड्यांचे ढीग लागले होते. पाणी ओसरल्यावर खरी गरज होती ती खोरी, बादल्या, ब्लीचिंग पावडर आणि घरातला गाळ उपसणाऱ्या हातांची. तेव्हा पहिल्या दिवशी नाही जमलं तर आठव्या दिवशी जा. भिजलेली रेशन कार्डं आणि पासबुकं पान-पान सुटी करून सावलीत वाळवायची असतात, आणि पंचनाम्याचा कागद पुन्हा कन्नडातच येतो.