जुना मेगर घ्यावा की अ‍ॅव्होमीटर?

जालन्याच्या भंगारात मेगर (इन्सुलेशन म्हणजे वीज गळू न देणारं आवरण तपासायचं यंत्र) आणि अ‍ॅव्होमीटर (व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारा काट्याचा मीटर) दोन्ही सापडलेत, दुरुस्तीला कोणता घ्यावा, असा प्रश्न आलाय.

हाताने फिरवायच्या मेगरला सेलचा खर्चच नाही. आतला जनरेटरच ५०० व्होल्ट काढतो. सुकलेलं ग्रीस पुसून बेअरिंगला पातळ तेलाचा एकच थेंब द्या. वायरी सुट्या ठेवून फिरवलं की काटा इन्फिनिटीवर, एकमेकींना जोडून हळू फिरवलं की शून्यावर यावा. थांबल्यावर तो कुठेही रेंगाळतो, कारण त्याला स्प्रिंग नसते. तो बिघाड नव्हे.

अ‍ॅव्हो मॉडेल ८ मध्ये मेहनत जास्त. १५ व्होल्टचा सेल सहज मिळत नाही, गळक्या सेलने पट्ट्या गंजतात. चुंबकाच्या फटीतला लोखंडी कीस चिकटपट्टीच्या टोकाने उचला, फुंकर नको.

बोअरच्या मोटारीचं इन्सुलेशन तपासायला मेगर. टेबलावर व्होल्ट-अँपिअर मोजायला, निगुतीने बसणाऱ्याला अ‍ॅव्हो.