राइडपेक्षा रंगमंचाची ओढ: एपिक युनिव्हर्समधील प्रयोगांकडून असलेल्या अपेक्षा

अमेरिकेतील फ्लोरिडात, ऑरलँडो येथे, युनिव्हर्सल या मनोरंजन कंपनीचे ‘एपिक युनिव्हर्स’ हे नवे मनोरंजन उद्यान २२ मे २०२५ रोजी खुले झाले. तेव्हापासून त्याविषयी जे काही लिहिले आणि बोलले जाते, त्यातला बहुतेक भाग राइड्सचाच असतो: कोणती किती वेगवान आहे, कोणत्या रांगेत किती वेळ जातो, सकाळी आधी कोणीकडे धाव घ्यावी. तेथे जाण्याची आखणी करताना माझे लक्ष मात्र पुन्हा पुन्हा तिथल्या नाट्यप्रयोगांच्या वेळापत्रकाकडे जाते. अशा काल्पनिक जगात जिवंत नटांचे काम ही सजावटीची बाब नसून त्या जगाचा प्राण असते, असे माझे ठाम मत आहे. राइडमध्ये बसलेल्या प्रत्येकाला तेच दृश्य त्याच क्रमाने दिसते. समोर नट उभा असला की तो आपल्याकडे पाहतो, आपले नाव विचारतो आणि आपल्या उत्तरावरून पुढचे वाक्य बदलतो.

हे मत बनले ते युनिव्हर्सलच्याच जुन्या उद्यानातील डायगन अ‍ॅलीमुळे. हॅरी पॉटरच्या जगातील ही गल्ली ८ जुलै २०१४ रोजी खुली झाली. तिथला ड्रॅगन आग ओकतो, बँकेतली राइडही उत्तम आहे, पण मनात घर करून राहिले ते ऑलिव्हँडर्सचे जादूच्या छड्यांचे दुकान. पंचवीसेक माणसे मावतील एवढीच खोली, छतापर्यंत रचलेल्या अरुंद खोक्यांच्या रांगा आणि टेबलामागे एकटा दुकानदार. तो जमलेल्यांवरून शांतपणे नजर फिरवतो आणि एकाला, बहुधा एखाद्या लहान मुलाला, पुढे बोलावतो. पहिली छडी चुकीची निघते आणि खोलीत काहीतरी बिनसते; दुसरीचेही तेच होते. मग तो जरा थबकतो, मुलाकडे निरखून पाहतो आणि तिसरे खोके काढतो. छडी हातात येताच वरून प्रकाश पडतो, वाऱ्याची झुळूक येते आणि संगीत सुरू होते. यातील यंत्रणा साधीच आहे. सगळी जादू त्या थबकण्यात असते, आणि ते किती वेळ ताणायचे हे नट त्या मुलाचा चेहरा पाहून ठरवतो. बुजऱ्या मुलाशी तो हळू आवाजात बोलतो, धीट मुलाला थोडे चिडवतो. बाहेर पडताच छड्या विक्रीला मांडलेल्या असतात, हे खरे. तरीही त्या काही मिनिटांचे मोल कमी होत नाही, कारण आत जाण्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत आणि छडी घेण्याची सक्तीही नसते.

त्याच भागातील कार्किट मार्केटच्या छोट्या रंगमंचावर आलटून पालटून दोन कार्यक्रम होतात. सेलेस्टिना वॉरबेक ही त्या जगातील नामवंत गायिका आपल्या साथीदारणींसह गाते आणि गर्दीतल्या एखाद्याला गाण्यात ओढते. दुसरा कार्यक्रम बीडलच्या गोष्टींचा, म्हणजे हॅरी पॉटरच्या जगातील परीकथांचा, बाहुल्यांचा. त्या बाहुल्या मायकेल करी यांनी घडवल्या आहेत. ‘द लायन किंग’च्या १९९७ मधील ब्रॉडवे प्रयोगासाठी ज्युली टेमोर यांच्याबरोबर बाहुल्या आणि मुखवटे करणारे तेच हे कलावंत. तीन भावांच्या गोष्टीत मृत्यू प्रवेश करतो तेव्हा बाहुली चालवणारे नट उघड दिसत असतात, काहीही लपवलेले नसते, आणि तरीही पुढे उभी असलेली मुले नकळत एक पाऊल मागे सरतात. आठवण राहील असे नाट्य उभे करायला मोठे प्रेक्षागृह लागत नाही, हे तिथे पटते.

आता नव्या उद्यानाकडे वळतो. तेथील मिनिस्ट्री ऑफ मॅजिक हा हॅरी पॉटरच्याच जगाचा भाग १९२० च्या दशकातील जादूगारांच्या पॅरिसमध्ये सुरू होतो, आणि तेथे ‘ल सिर्क आर्केनस’ हा मोठा प्रयोग आहे. सर्कशीच्या रूपाने सुरू होणारा हा प्रयोग प्रेक्षकांना न्यूट स्कमँडर या जादुई प्राण्यांच्या अभ्यासक पात्राच्या जादूई बॅगेच्या आत नेतो. जिवंत नट, बाहुल्या, पडद्यावरील दृश्ये आणि विशेष परिणाम यांचा त्यात मेळ आहे. कल्पना मला फार आवडते, कारण बॅगेच्या आत दडलेले जग हे रंगमंचासाठी अगदी योग्य रूपक आहे: एका मर्यादित जागेतून कितीतरी मोठे काही उलगडायचे. मला काळजी आहे ती पडद्याची. पडद्यावरचे दृश्य सेकंदाला बांधलेले असते, त्यामुळे नटालाही त्याच तालावर धावावे लागते; प्रेक्षक हसले तर थांबण्याची किंवा एखाद्या लहानग्याच्या उद्गाराला उत्तर देण्याची मुभा त्याला उरत नाही. हाताने चालवलेला प्राणी पुढच्या रांगेकडे मान वळवून पाहतो तेव्हा जे घडते, ते कितीही मोठ्या पडद्याने घडत नाही. या प्रयोगात बाहुल्यांना आणि नटांना श्वास घ्यायला किती जागा दिली आहे, यावरच मी त्याची पारख करणार आहे.

आइल ऑफ बर्क या, ‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ चित्रपटांवर आधारलेल्या, ड्रॅगन आणि व्हायकिंगांच्या भागातील ‘द अनट्रेनेबल ड्रॅगन’कडून माझ्या अपेक्षा अधिक निःशंक आहेत. हा प्रयोग बीजिंगच्या युनिव्हर्सल उद्यानातील अशाच एका प्रयोगावरून घडवला आहे, म्हणजे त्याची घडी आधीच बसलेली आहे. शिवाय त्यात टूथलेस हा ड्रॅगन प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडतो. एवढी मोठी वस्तू प्रत्यक्ष हवेतून आपल्यावरून जाताना तिची सावली अंगावर पडते, आणि तो अनुभव थेट शरीराला मिळतो. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एकच प्रयोग पाहायचा ठरवला, तर मी आजच हा सुचवेन. निन्टेंडोच्या आणि राक्षसांच्या भागांत मला मुख्य आकर्षण राइड्सचेच दिसते, त्यामुळे त्यांचा विचार येथे करत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. एपिक युनिव्हर्स हे जुन्या दोन उद्यानांपासून काही किलोमीटर दूर, स्वतंत्र जागेवर आहे. त्याला वेगळा प्रवेश लागतो, म्हणून डायगन अ‍ॅलीतील बाहुल्या आणि इथली सर्कस एका दिवसात उरकण्याचा बेत करू नये. प्रयोगांचे मूल्य प्रवेशाच्या तिकिटातच येते, वेळा मात्र त्या दिवशी सकाळी अ‍ॅपवर पाहून घ्याव्यात. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस नेहमीचाच असतो आणि जवळपास वीज कडाडू लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवल्या जातात. दोन्ही मोठे प्रयोग बंदिस्त प्रेक्षागृहात होतात. म्हणून सकाळचा वेळ राइड्सना देऊन दुपार प्रयोगांसाठी राखून ठेवावी. वेळेच्या बरेच आधी पोहोचावे, आणि ड्रॅगनच्या प्रयोगाला अगदी पुढची रांग न धरता मधली जागा घ्यावी, म्हणजे रंगमंचही दिसेल आणि डोक्यावरची भरारीही.