बोअर न घेताच माती परीक्षण, आणि आमचे 3,03,000 रुपये

संताप तर आहेच, पण लाज जास्त वाटते. येणारा-जाणारा विचारतो, "काका, किती गेले?" अठरा हजार आणि दोन लाख पंच्याऐंशी हजार. घ्या.

मराठवाड्यातली काळी जमीन. खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरप्या भेगा गेलेल्या; चैत्रात रुंद व्हायच्या, श्रावणात मिटायच्या. एक 'फाउंडेशन एक्स्पर्ट' आला. पायाखाली पोकळी आहे, घर कधीही बसेल, म्हणाला. घरात अंथरुणाला खिळलेली आई असताना कोण वाट बघेल?

अठरा हजारांच्या माती परीक्षणाला दोन पोरं आली, पहारीने गुडघाभर खड्डा केला, पिशवीभर माती घेतली, चहा पिऊन गेली. रिपोर्टमध्ये मात्र 6 मीटरचे 3 बोअर आणि एसपीटीचे, म्हणजे ठोके मोजून जमीन किती घट्ट ते बघायच्या चाचणीचे, आकडे! अहो, त्या चाचणीत 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून परत परत आपटतात. गल्ली गोळा झाली असती. आमच्याकडे कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं. वर लिहिलंय, दीड मीटरवर मुरूम. अंगणातल्या विहिरीला वडिलांना दहा फुटांपर्यंत काळीच लागली होती, हे मला पाठ. ते पान मी दोनदा वाचलं आणि तरी चेक फाडला. शिक्का, सही, आलेख सगळं होतं. तुम्हीही फाडला असता.

बोअर घेताना स्वतः उभे राहा. नमुन्यांच्या पिशव्यांवर खोली लिहून घ्या, फोटो काढा.

ते 2,85,000 केमिकल ग्राउटिंगचे, म्हणजे पायाखालच्या जमिनीत रसायन भरण्याचे. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वाढेल, काका." तिथेच हाकला अशा माणसाला. पुढच्या उन्हाळ्यात भेगा होत्या तिथेच उघडल्या.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. पालिका म्हणाली, आम्ही नकाशा बघतो, माती नाही. रिपोर्टवर सही करणाऱ्याला जाब विचारणारं कुणी आहे का, यावर साहेबांनी खांदे उडवले. मग घरपट्टी कशाची घेता? ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण 2 वर्षांच्या आत जा. आमची तिथे नुसती तारीख पडते.

शेवटी एका निवृत्त इंजिनिअरांनी 6,500 रुपयांत कारण शोधलं. 10-10 ग्रॅम माती, एक मोजपात्र रॉकेलचं, एक पाण्याचं. दुसऱ्या दिवशी रॉकेलात माती न फुगता 10 मिलिलिटर, पाण्यात फुगून 21. फुगणारी माती, पोकळी कसली! गच्चीचा पाइप पायाशीच सुटत होता. तो कोपरा ओला, बाकीचे कोरडे. पाइप लांब नेला, भोवती फरसबंदी केली.

परवा त्या एक्स्पर्टचाच फोन: "काका, ग्राउटिंगचा दुसरा राउंड राहिलाय. तुमच्यासाठी 60,000."