विळी, सुरी अन् वस्तरा: धारेसाठी काय घ्यावं?

एकच दगड आणतो अन् त्याच्यावरच विळी, सुरी, वस्तरा सगळं घासतो असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका, भाजी चिरायची धार अन् गालावर फिरवायची धार ह्यात लई फरक आहे.

घरातलं आधी बघू. हार्डवेअरवाल्याकडं मिळतो तो दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड, एक बाजू भरड एक बारीक, सगळ्यात स्वस्त, आणि खरं सांगायचं तर आपल्या साध्या स्टीलच्या सुऱ्यांना तो पुरतो. फक्त वापरून वापरून मधे खोलगट होतो. डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धातूची पट्टी, महाग पडते पण खोलगट होत नाही, पाण्याचे चार थेंब टाकले की काम चालू, ४०० अन् १००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) अशा दोन बाजूंची मिळाली तर घरापुरतं दुसरं काही लागत नाही. नवी असताना जरा जास्तच ओरबाडते, तोवर दाबून घासू नका. विळीला तर मी डायमंडच म्हणेन, कारण पातं पाटाला पक्कं असतं, ते दगडावर फिरवता येत नाही, दगडच पात्यावर फिरवावा लागतो, आता तिथं जड जपानी दगड एका हातात धरून कोण बसणार?

जपानी वॉटरस्टोनवर हात बसला तर सुरीची धार फार गोड येते. किंग कंपनीचा १००० भिजवावा लागतो, शॅप्टन कंपनीच्याला नुसतं पाणी शिंपडलं तरी चालतं. (२०१६ ला रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांनी घाबरू नये, छोट्या डब्यात भागतं.) पण हे दगड लवकर झिजतात, मग पेन्सिलीच्या रेघा मारून काचेवर ठेवलेल्या ओल्या सँडपेपरवर सपाट करत बसा. हा कुटाणा नको असेल तर घेऊच नका.

ओढून धार लावायचं व्ही आकाराचं यंत्र घाईला बरं, पण धातू खरवडून काढतं. कोयत्याला कानस बेस्ट, ऊसतोडीला निघालेल्या माणसाला वॉटरस्टोन दाखवला तर तो हसेल. सुक्या ग्राइंडरवर पातं निळं पडलं की तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं समजा, तेवढ्या जागी धार टिकत नाही.

आता वस्तरा. ह्याला अँगल शोधायची गरजच नाही, पाठ अन् धार दोन्ही दगडाला टेकवून फिरवायचं, अँगल आपोआप बसतो. म्हणूनच दगड एकदम सपाट पाहिजे, घरातला खोलगट झालेला कार्बोरंडम इथं चालत नाही. १००० फक्त धार पार गेली असेल तर, मग ४०००, मग ८०००, कुणी १२००० पर्यंत जातं. पण रोजचं काम दगडाचं नाहीच, चामडी पट्ट्याचं आहे, दाढीच्या आधी पाठ पुढं ठेवून फिरवायचं आणि पलटताना पाठीवरून पलटायचं, नाहीतर पट्टा कापला म्हणून समजा.

महिन्यातून एकदा हौस म्हणून दाढी करणार असाल तर सलूनमधला अर्ध्या ब्लेडचा घ्या, धारेची भानगडच नाही. खराच पाहिजे असेल तर धार लावून तयार असलेला बघा अन् त्याच्यासोबतच पट्टा घ्या, ८००० चा दगड काही महिन्यांनी घेतला तरी चालतो.