सावंतवाडीत हातात एकच दिवस: राजवाडा, चितारआळी की पिंगुळी?

कोकणात चित्रकला बघायची म्हटलं की बोट आधी सावंतवाडीकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पंचाईत होते ती तिथे पोहोचल्यावर. मोती तलावाच्या काठावर राजवाडा, तिथून चालत जाता येईल अशी चितारआळी, आणि कुडाळच्या दिशेने वीसेक किलोमीटरवर पिंगुळी. पर्यटनाची माहितीपत्रकं तिघांनाही ‘सावंतवाडीची कला’ म्हणून एकाच दावणीला बांधतात. प्रत्यक्षात एका ठिकाणी काम होताना दिसतं, दुसऱ्या ठिकाणी माल मिळतो आणि तिसऱ्या ठिकाणी गोष्ट ऐकायला मिळते. यातलं आपल्याला काय हवंय, यावर सगळा दिवस ठरतो.

राजवाड्यात बघायचं ते गंजिफाकाम, म्हणजे खेळायच्या गोल पत्त्यांवरचं हाती रंगकाम. दरबार हॉलमध्ये कलाकार खाली बसून गोल पत्ते रंगवत असतात आणि तुम्ही शेजारी उभं राहून बघू शकता. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पत्ते असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या दश्शीवर तेवढ्याशा गोलात दहा मासे बसवायचे आणि एकही चिरडल्यासारखा दिसू द्यायचा नाही, हे काम हातभर अंतरावरून बघण्यासारखं आहे. खेळाचे नियमही विचारून घ्या. आकड्यांच्या पत्त्यांत निम्म्या रंगांत दहा वरचढ, निम्म्यांत एक्का. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उतारवयातले गंजिफा कलाकार पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, इतरांना शिकवायची सोय केली, म्हणून आज ती डोळ्यांसमोर आहे.

राजवाड्याची उणी बाजू एवढीच की जागा छोटी आहे. तासाभरात बघून होतं. पूर्ण हाती रंगवलेला संच हजारांत जातो, तेव्हा ‘पत्त्यांचा कॅट घेऊन येऊ’ अशा हिशेबाने जाऊ नका. एखादी रंगवलेली लहान वस्तू खिशाला परवडते.

चितारआळीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती बाजारपेठ आहे आणि बाजारपेठ म्हणून छान आहे. लाकडी केळी, वांगी, मिरच्या, आंबे, पाट, भातुकली. घरात लहान मूल असेल तर रिकाम्या हाताने बाहेर पडणं अशक्य. पण दुकानात मांडलेलं सगळंच आळीत घडलेलं नसतं, बाहेरगावचा मालही शेजारीच असतो. दुकानदाराला सरळ विचारा, सांगतात. कला ‘बघायला’ म्हणून मात्र इथे अख्खी दुपार घालवू नये. अर्धा तास, तोही परतताना, म्हणजे ओझं दिवसभर वागवावं लागत नाही.

आता पिंगुळी. गुढीपूर भागात ठाकर समाजाची वस्ती आहे आणि तिथेच परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाचं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय आहे. गुरांच्या गोठ्याचंच त्यांनी संग्रहालय केलं. गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे बऱ्याच मराठी घरांत चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही इथे आहेत, पण खरा ऐवज चित्रकथीच.

चित्रकथीचं चित्र भिंतीवर टांगण्यासाठी काढलेलं नसतं. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, अशा सुट्या पानांची एका आख्यानाची एक पोथी. सांगणारा एकेक पान समोर धरतो, सोबत वाद्यांची साथ, आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गात-बोलत पुढे सरकतो. चित्रात मागे डोंगर-झाडं फारशी नसतात. मोठाल्या डोळ्यांची, दागिन्यांनी मढलेली पात्रं एकमेकांसमोर उभी. एकटं पान बघितलं तर ‘एवढंच?’ असं वाटू शकतं. पान उलटलं, आवाज चढला की तीच पात्रं हलल्यासारखी वाटतात. पुण्यात केळकर संग्रहालयात पैठण शैलीची चित्रकथी काचेआड बघायला मिळते, चित्रं म्हणून ती सुंदरच आहेत, पण काच बोलत नाही. आणि आख्यान मराठीत असतं! परदेशी अभ्यासक दुभाषा घेऊन येतात, आपल्याला तो खर्चही नाही, तरी आपण तारकर्लीला जाताना कुडाळवरून सुसाट निघून जातो.

उणं काय? इथे पूर्वसूचना लागते. खेळ दिवसभर सुरू नसतो, माणसं जमवावी लागतात. न कळवता गेलात तर संग्रह बघून परत याल, म्हणजे पिंगुळीला जाण्याचं निम्मं कारणच वाया.

माझं मत विचाराल तर एकच जागा निवडायची झाल्यास पिंगुळी. गंजिफाचा पत्ता विकत घेऊन घरी आणता येतो, खेळणंही आणता येतं, आख्यान तिथेच बसून ऐकावं लागतं. अपवाद दोन. स्वतः ब्रश धरणाऱ्याने राजवाडा सोडू नये, त्याला तिथला तास पिंगुळीच्या दोन तासांहून जास्त शिकवेल. आणि बरोबर पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर बाहुल्यांसाठी पिंगुळी आणि खाऊच्या पैशांसाठी चितारआळी, राजवाडा पुढच्या खेपेला.

‘पण आम्हाला कॅनव्हासवरची, नावाजलेल्या चित्रकारांची चित्रं बघायची आहेत’ असं असेल तर सावंतवाडी हा पत्ताच चुकीचा. त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात देवरुखचं लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय गाठावं. मुलाला चित्रकला शिकायला घालण्याचा विचार असेल तर चिपळूणजवळ सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आणि सावंतवाडीतलं बांदेकर फाइन आर्ट कॉलेज, दोन्ही आवारांत एकदा फिरून या.

रेल्वेने येणाऱ्यांनी तिकीट कुडाळचं काढावं. पिंगुळी तिथून जवळ, रिक्षा मिळते. सकाळी आख्यान, दुपारी सावंतवाडी. उलटं केलंत तर संध्याकाळच्या गाडीच्या धास्तीने आख्यान अर्ध्यावर सोडून उठावं लागेल, आणि समोर गाणाऱ्या माणसापुढून असं उठणं बरं दिसत नाही.