‘योजना बंद आहे’ म्हणाले आणि मी सही केली

गेल्या मे महिन्यात, आंबाकाढणी ऐन भरात असताना, आमचे हे कलमावरून पडले. हातात आंबे उतरवायचा झेला होता, पायाखालची फांदी आतून पोखरलेली निघाली. उजव्या मांडीचं हाड मोडलं. वाडीतल्या पोरांनी खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, मग तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे हाडांचे डॉक्टर नव्हते, पण ड्युटीवरच्या मॅडमनी एक्स-रे काढला, पायाला फळी बांधली, इंजेक्शन दिलं आणि ओरोसच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे, त्यामुळे एक रुपयाही लागला नाही. इथपर्यंत सगळं नीट होतं.

१०८ ची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती, परतायला तास लागणार होता. फाटकाबाहेर एक खाजगी ॲम्ब्युलन्स उभी होती. चालक मालवणीत बोलणारा, आपल्यातलाच वाटला. नांदगाव तिठ्याच्या अलीकडे त्याने विषय काढला. “वयनी, ओरोसाक आज हाडांचो डॉक्टर नाय. रजेर गेलो. रातभर नुसता सलाईन लावन ठेवतले आणि सकाळी गोव्याक बांबोळीक नेवक सांगतले. माझ्या वळखीचा हॉस्पिटल असा, आजच ऑपरेशन करतले.” मागे ह्यांचं कण्हणं थांबत नव्हतं. मी हो म्हटलं. ओरोसला एक फोन लावायला हवा होता, तो लावला नाही. दोन दिवसांनी भावाने चौकशी केली, तेव्हा कळलं की हाडांचे डॉक्टर त्या दिवशी हजर होते.

खाजगी हॉस्पिटलात पोचल्यावर मी आधी केशरी रेशनकार्ड काढून काउंटरवर ठेवलं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मला माहीत होती. जावेच्या वडिलांचं ऑपरेशन त्यातूनच झालं होतं. काउंटरवरच्या माणसाने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. “योजना सध्या बंद आहे. चालू झाली तरी मंजुरीला आठ दिवस. तोवर पाय काळा पडला तर आम्हाला बोलू नका.” पाय काळा पडेल हे ऐकल्यावर माझं डोकं चालेनासं झालं. चाळीस हजार भरायला सांगितले. आंब्याच्या व्यापाऱ्याने पेट्यांवर दिलेली उचल भावाने रात्री आणून दिली. पावती मागितली तर मेडिकलच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने ‘४० जमा’ लिहून दिलं. ती पिशवी अजून माझ्याकडे आहे.

मग पॅडला लावलेले सात-आठ फॉर्म आले. त्या माणसाने वरचा मजकूर तळहाताने झाकून धरला होता आणि अंगठ्याने फुल्या दाखवत होता. इथे, इथे आणि इथे. मी सह्या केल्या. मी दहावी शिकलेली बाई आहे, वाचता येतं, तरी वाचलं नाही. त्यातल्या एका कागदावर छापलेलं होतं की योजनेची माहिती आम्हाला दिली आहे आणि आम्ही स्वखुशीने, स्वखर्चाने उपचार घेत आहोत.

दुसऱ्या दिवशी रॉडचा विषय निघाला. साधा रॉड गंजतो, इम्पोर्टेड घाला, म्हणाले. रॉडचेच बासष्ट हजार लावले. एकूण बिल १,७४,५०० रुपये. पाटल्या सोसायटीत ठेवून भरलं. पुढे ओरोसच्या डॉक्टरांनी समजावलं की शरीरात घालायचं स्टील वेगळं असतं, ते गंजत नाही. रॉडच्या पाकिटावर कंपनी, बॅच नंबर आणि किंमत छापलेला स्टिकर असतो. तो मी मागितला तेव्हा “फाइलला लावलाय” म्हणाले, आणि फाइल काही दाखवली नाही.

खरी गोष्ट कळली घरी सोडायच्या सकाळी. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचंही मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन ह्यांच्याच दिवशी झालेलं. त्याच्या आईला विचारलं, किती आलं हो बिल? ती म्हणाली, काही नाही, योजनेतून झालं. तिने मला खाली नेलं. औषधांच्या दुकानाशेजारी, फ्लेक्सच्या आड, आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल होतं. पाच दिवस मी त्याच जिन्याने चहा आणायला जात होते.

म्हणून सांगते. खाजगी हॉस्पिटलात पैसे भरण्याआधी ‘आरोग्यमित्र कुठे बसतात’ हे विचारा आणि त्यांनाच भेटा, काउंटरवरच्या माणसाचं ऐकून परत फिरू नका. योजना आता पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्या रेशनकार्डांना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून दिले तरी चालतात. शंका आली तर तिथेच उभं राहून १५५३८८ ला फोन लावा. दरांचा फलक लावणं आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी ठेवणं हे खाजगी हॉस्पिटलांना २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. नसेल तर विचारा, कुठे आहे?

सरकारी म्हणजे सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. तालुक्याला हाडांचे डॉक्टर असते तर आम्हाला त्या गाडीत बसावंच लागलं नसतं. पदं रिकामी राहतात, माणसं कोल्हापूर नाहीतर बांबोळीची वाट धरतात, म्हणून ‘डॉक्टर नाय’ हे खोटंही लगेच पटतं. खाजगीवाले म्हणतात, योजनेचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात. तसं असेलही. मग पेशंटला तोंडावर तसं सांगा आणि दारावरचा योजनेचा बोर्ड काढा. त्या चालकाला आम्हाला तिथे नेल्याबद्दल काय मिळालं, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण याच कोकणात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्याला आलेल्या कमिशनच्या चेकची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे केली होती. असेही डॉक्टर आहेत, हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं.

तक्रार मी केली आहे. पहिल्या खेपेला हॉस्पिटलवाल्यांनी माझ्या सहीचा तोच कागद पुढे केला आणि मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या तारखेला शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई माझ्यासोबत येणार आहे. तिच्याकडे मुलाचं डिस्चार्ज कार्ड आहे. त्यावर तेच हॉस्पिटल, तेच ऑपरेशन, तीच तारीख आणि वर योजनेचा शिक्का आहे.