रिकाम्या विमानांचा अनुभव, २०२०-२१ (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

हा रिव्ह्यू कुठल्या एका एअरलाइनचा नाही, रिकाम्या विमानाचाच आहे. लॉकडाऊननंतर २५ मे २०२० ला देशातली विमानं परत सुरू झाली, तिथपासून २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत मी मुंबई-दिल्ली आणि मुंबई-नागपूर सारखं करत होतो, कारण काम डायलिसिस मशीनच्या सर्व्हिसिंगचं, ते काही झूमवर होत नाही. १८० सीटच्या विमानात पंधरा-वीस डोकी, कधी त्याहून कमी. मित्र अजून म्हणतात, मजा केलीस लेका, प्रायव्हेट जेटच की! तर मजा किती आणि ताप किती ते एकदा लिहूनच टाकतो.

आधी एक गैरसमज काढतो. तेव्हा सगळीच विमानं रिकामी नव्हती. सुरुवातीला ३३ टक्केच फ्लाइट्सना परवानगी होती आणि त्यात मुंबईला राज्य सरकारने दिवसाला २५ टेकऑफ, २५ लँडिंग एवढंच दिलेलं, जिथे एरवी दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा असते. त्यामुळे पाटणा-लखनौकडे जाणाऱ्यांच्या गेटवर ही गर्दी, आणि मी दिल्लीहून परत यायचो ते विमान ठणठण गोपाळ, कारण त्या दिवसांत मुंबईत यायचं होतं कुणाला? जून २०२० मध्ये अख्ख्या देशात जेमतेम २० लाख लोकांनी विमानप्रवास केला, आदल्या जूनमध्ये तोच आकडा १ कोटी २० लाख होता. मग दिवाळीपर्यंत गर्दी हळूहळू वाढली, आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा परत दोन्ही बाजूंनी शुकशुकाट.

आता मुंबई विमानतळाबद्दल. रिकाम्या विमानाचा खरा फायदा मला जमिनीवर मिळाला, हवेत नाही. टर्मिनल १ बंद होतं, ते मार्च २०२१ मध्ये उघडलं, तोवर सगळं टी-टूवरून. वेब चेक-इन सक्तीचं, बॅगेचा टॅग घरीच प्रिंट करायचा, प्रिंटर नसेल तर कागदावर नाव आणि पीएनआर लिहून बॅगेला चिकटवायचा (मी सेलोटेप आणि वहीचं पान वापरलं, चाललं). गेटवर सीआयएसएफचा जवान काचेपलीकडून आयकार्ड बघायचा, मास्क एक सेकंद खाली, झालं, आत. सिक्युरिटीला रांगच नाही. दोन तास आधी या असा नियम होता म्हणून यायचो आणि मग दीड तास त्या मोठाल्या पांढऱ्या खांबांखाली नुसतं बसायचं. सुरुवातीला दुकानं बहुतेक बंद, त्यामुळे डबा घरून. आईने एकदा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिलेली, ती गेटसमोर बसून खाल्ली तर समोरचा फेस शील्डवाला गृहस्थ माझ्याकडे असा बघत होता की मी जणू विषाणूच सोडतोय.

पण तिथवर पोचणं हाच खरा प्रवास होता. मी डोंबिवलीचा. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना आणि आमच्या कंपनीचं कार्ड त्यात धरायचं की नाही हे स्टेशनवर कोण उभा आहे त्यावर ठरायचं. म्हणून टॅक्सी. ऐरोलीवरून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), रस्ता मोकळा, मस्त वेळेत पोचायचो, पण येताना भाडं मिळणार नाही म्हणून टॅक्सीवाला दोन्हीकडचे पैसे धरायचा आणि त्याचंही चुकत नव्हतं. म्हणजे विमान रिकामं त्याचा भुर्दंड सरकारी नियमामुळे तिकिटात, आणि टॅक्सी रिकामी परतणार त्याचा भुर्दंड थेट खिशातून.

तिकिटाचं असं की विमान रिकामं म्हणजे तिकीट स्वस्त, हे डोक्यातून काढा. सरकारने अंतराप्रमाणे, म्हणजे खरं तर उड्डाणाच्या वेळेप्रमाणे किमान आणि कमाल भाडं बांधून दिलेलं. मुंबई-दिल्लीला सुरुवातीला किमान ३,५०० आणि कमाल १०,०००. विमानात बारा माणसं असली तरी साडेतीन हजाराच्या खाली एअरलाइनला विकताच येत नव्हतं. आणि बारा माणसांच्या तिकिटात इंधनसुद्धा निघत नाही, मग उडायचं कशाला, असं मी एकदा ग्राउंड स्टाफमधल्या एका ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, खाली पोटात माल असतो, आणि हेच विमान तिकडून भरून यायचंय." हे पटलं. तेव्हा तर औषधं आणि मास्कची खोकी काही विमानांत चक्क सीटवर ठेवून नेत होते.

आता हवेतलं. पहिली गोष्ट, तीन सीट आडव्या मिळाल्या म्हणून लगेच पसरता येत नाही. माणसं कमी असली की ती कुठे बसलीत याला वजनाच्या हिशोबात महत्त्व येतं, सगळे पुढे किंवा सगळे मागे बसले तर विमानाचा तोल बदलतो, म्हणून एअर होस्टेस मोजून एकेकाला सांगायची की टेकऑफ होईपर्यंत आपापल्या सीटवरच बसा, नंतर हवं तिथे जा. एकदा आम्हा पाच-सहा जणांना पुढून उठवून मधल्या रांगांत नेलं. एक काका वैतागले, मी पुढच्या सीटचे पैसे भरलेत म्हणून. त्यांना शेवटी कॅप्टनचा निरोप आला तेव्हा उठले.

दुसरी, हलकं विमान रॉकेटसारखं सुटेल असं वाटलं होतं, तसं दर वेळी होत नाही. वजन कमी असेल तर पायलट इंजिनाचा जोर पण कमी लावतात, इंजिन टिकावं म्हणून, त्यामुळे धावपट्टीवर फार फरक कळत नाही. फरक कळतो तो पावसाळ्यात. हलक्या विमानाला वाऱ्याचे झटके जास्त जाणवतात आणि जुलैमध्ये सह्याद्रीवरच्या ढगांतून मुंबईला उतरताना जे काही हेलकावे बसायचे, ते शेजारी कुणी नसताना जास्तच लागतात. भरलेल्या विमानात निदान कुणीतरी "अरे देवा" म्हणतं, आपल्याला जरा धीर येतो. रिकाम्यात नुसते ओव्हरहेड बिन खडखडत असतात.

तिसरी, लाज वाटते. हो, लाजच. सेफ्टीचा डेमो एरवी कोण बघतं? पण अख्ख्या भागात तुम्ही एकटे आणि समोर ती मुलगी पूर्ण पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन पट्टा कसा लावायचा ते दाखवतेय, तेव्हा मोबाइल बघायची हिंमत होत नाही. मी शेवटपर्यंत मान डोलवत बघायचो. सगळे दरवाजे कुठे आहेत ते मला अजून पाठ आहे. खाणं-पिणं ऑगस्ट अखेरपर्यंत बंदच होतं, पाण्याच्या बाटल्या तेवढ्या सीटवर. गारठा पण वाटायचा, स्वेटर नेत जा असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं. मधल्या सीटवाल्यांना संसर्ग टाळायला अंगावर घालायचा गाऊन द्यायचे, जूनमधल्या सरकारी आदेशानंतर, आणि काही जण मधली सीट नसताना पण तो मागून घ्यायचे, घरी न्यायला.

झोप मात्र छान लागायची, हे कबूल. आर्मरेस्ट वर करून, बॅग उशाला, दिल्लीपर्यंत गाढ. आणि विमान वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचायचं, कारण एरवी मुंबईवर आकाशात ज्या घिरट्या घालायला लागतात त्या गायब. याचे पैकीच्या पैकी मार्क.

आता खरी तक्रार, आणि ज्यांना रिकाम्या विमानाचं आकर्षण आहे त्यांनी हे नीट वाचा. जे विमान तुम्हाला रिकामं म्हणून आवडतं तेच पुढच्या आठवड्यात रद्द होतं. एअरलाइन दोन अर्ध्या रिकाम्या फ्लाइट्सची एक करते, त्यात तिचा काय दोष, पण मला सकाळी साडेसहाच्या ऐवजी रात्री नऊच्या विमानात टाकलं की तिकडे हॉस्पिटलमध्ये मशीन बंद आणि पेशंट वेटिंगवर. मेसेज आदल्या रात्री यायचा. पैसे परत नाहीत, क्रेडिट शेल, म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला कूपन म्हणून. लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत देण्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल १ ऑक्टोबर २०२० ला आला तेव्हा जरा आशा वाटली, पण माझी भानगड त्यानंतरच्या तिकिटांची, तिथे कस्टमर केअरचं म्युझिक ऐकत बसणं एवढंच हाती. एका एअरलाइनचं ते म्युझिक माझ्या पुतण्याला तोंडपाठ झालेलं.

आणि शिक्का. मुंबईत उतरलं की डाव्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का, पक्क्या शाईचा. कामावरून आलोय, पेपर आहेत, सगळं खरं, पण सोसायटीच्या गेटवर पेपर कोण वाचतं, हात बघतात. सेक्रेटरी काकांनी मला लिफ्ट वापरू नको म्हणून सांगितलं, चौथा मजला, हातात टूलकिट. त्यांच्याच भावाला पुढे डायलिसिस लागलं तेव्हा मशीनबद्दल विचारायला मात्र दारात आले, सॅनिटायझर घेऊन. सांगितलं सगळं, नाही कशाला म्हणायचं.

नोव्हेंबरपासून दिल्लीहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर लागायला लागलं, तेव्हापासून प्रत्येक फेरीआधी नाकात काडी. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलंय.

आता काही जण विचारतात की आज रिकामं विमान मिळेल का. मिळतं, पण उलट्या दिशेला. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत गोव्याकडून मुंबईला येणारं बघा, दिवाळीच्या दिवशी संध्याकाळचं बघा, नाहीतर मंगळवार-बुधवार भर दुपारचं. फक्त बुकिंग करताना सीट मॅपवर विसंबू नका. तिथे मोकळी दिसणारी सीट म्हणजे कुणी पैसे भरून निवडलेली नाही एवढंच, ती विकली गेली नाही असं नाही. बाकीच्यांना चेक-इनच्या वेळी सीट वाटतात. म्हणून मी चेक-इन जमेल तितकं उशिरा करतो आणि तेव्हाचा मॅप बघून मागची रांग घेतो. एवढं करून शेजारी कुणी आलंच तर आलं.